वेगळं की वाळीत

तात्या, तुमची पत्र्याची बादली सध्या माझ्या पडवीत पालथी पडली आहे. काल तुमचं बारावं झालं. मंडळी जेवून उठली, आणि तुमच्या विनूने ती आणून माझ्या हातात दिली. "बाबांची घोड्यांची बादली हाय. तुमीच ठेवा, मला तिच्याकडं बगवत नाय," म्हणाला. एका बाजूला पोचा आलेली, कडीला सुतळी गुंडाळलेली. घरी आल्यावर मी सवयीने ती आधी साबणाने खसाखसा घासली, मग जंतुनाशकाचं पाणी फिरवलं, मग उन्हात उपडी घातली. हे सगळं करून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असता. "धू गो बाय, धू. पत्रा झिजंस्तवर धू."

चारचौघांत तुम्ही मला 'डाक्टरीणबाय' म्हणायचात आणि भांडण जुंपलं की 'गो'. मी साताऱ्याकडची. जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीला रत्नागिरीत आले तेव्हा एका घोडेवाल्याने मला 'गो' म्हटल्यावर डोक्यात तिडीकच गेली होती. पुढे पुढे असं झालं की तुमच्या तोंडून बराच वेळ 'डाक्टरीणबाय'च ऐकू आलं, तर आज काही बिनसलंय का असं वाटायचं. खरं तर आपलं भांडण एकच होतं, एका शब्दावरचं. ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नाही.

ज्यांनी तुमची बादली पाहिलेली नाही त्यांना काय सांगू? भाट्याच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, पर्यटकांना फेरी मारून आणणारे तुम्ही मोजके घोडेवाले. घोडे एकमेकांना चावू नयेत, लाथा मारू नयेत म्हणून तुमची एक रीत होती. नवा घोडा आला की त्याने पहिलं पाणी तुमच्या घोडीच्या, बिजलीच्या बादलीतून प्यायचं. आधी बिजली दोन घोट घेणार, मग नवा तोंड घालणार, आणि तुम्ही त्याच्या मानेवर थाप मारून म्हणणार, "आजपास्नं तू आमचा." मग घोडेवाल्यांना चहा. मी हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही आवडला होता, हे कबूल करते. माझ्यातल्या डॉक्टरला नाही आवडला, पण त्या दिवशी डॉक्टर गप्प बसली.

मग संतोषचा तुफान आला. संतोष मुंबईची नोकरी सोडून परत आलेला, अंगात हौस मावत नव्हती. घाटावरून टेम्पोत घालून घोडा आणला. उतरवला तेव्हा त्याच्या नाकाला पाणी होतं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "ह्याचं नाक गळताहा." तुम्ही म्हणालात, "परवासाचं पानी हाय ता. घाट उतरला की मानसाचंय नाक गळतं." आणि बादली पुढे केलीत.

काही दिवसांनी तुमचा फोन आला, बिजली खात नाही म्हणून. मी आले तेव्हा ती मान टाकून उभी होती. अंगात सणसणून ताप, नाकातून पातळ पाणी, आणि तो खोकला. कोरडा, खोल, रिकाम्या पिंपावर बुक्की मारावी तसा. सुरूच्या बनात तो खोकला घुमत होता आणि पलीकडून तुफान त्याला जबाब देत होता. तुम्ही नारळाच्या सोडणांची धुरी करून, वर ओवा टाकून, तिच्या नाकासमोर धरून बसला होतात. मी आल्या आल्या त्या धुरीवर पाणी ओतलं. आपली त्या दिवसाची सुरुवात अशी झाली.

"खारं वारं लागलंय तिला," तुम्ही म्हणालात.

"तात्या, बिजलीचा अख्खा जन्म खाऱ्या वाऱ्यात गेला. आजच कसं लागलं? हा विषाणू आहे. घोड्यांचा फ्लू दिसतोय."

"कुटं ऱ्हातो?"

"नाकात, घशात."

"दिसतो?"

"डोळ्यांना नाही दिसत."

"आनि ह्याच्याकडनं त्याच्याकडं जातो कसा?"

"खोकल्यातून उडतो. वाऱ्यावर बराच लांब जातो. शिवाय बादलीतून, लगामातून, आपल्या हातांवरून."

तुम्ही संतोषकडे बघून हसलात. "दिसत नाय, वाऱ्यावर येतो, नाकात शिरतो. मग आमी वारं म्हनतो तेच झालं नाय काय?"

मी म्हटलं, पोस्टमन पत्र आणतो म्हणून पत्र पोस्टमनने लिहिलेलं नसतं. तुम्ही म्हणालात, आमच्या लहानपणी पोस्टमनच पत्र लिहून पण द्यायचा. सगळे हसले. मला तुमचा भयंकर राग आला, आणि घरी गेल्यावर एकटीच हसले, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

पण त्या हसण्यात फार दम नव्हता. घोड्याला ताप, नाकाला पाणी, खोकला, म्हटलं की आमच्या डोक्यात आणखी एक आजार येतो. तो विषाणूचा नाही, जंतूंचा, माणसालाही होणारा. तो निघाला तर घोडा जिवंत ठेवता येत नाही. त्याचा संशय फिटावा म्हणून रक्ताचे नमुने पाठवावेच लागतात, आणि नाकात फिरवलेले कापसाचे बोळे फ्लूसाठी वेगळे. मी तसं सांगितलं मात्र, संध्याकाळपर्यंत भाट्यात आवई उठली की सरकार सगळे घोडे मारणार. दोघातिघांनी टेम्पो ठरवला. निरोगी दिसणारे घोडे भरून रात्रीच्या आत गणपतीपुळ्याकडे न्यायचे, तिथे धंदा करायचा. मला विनूने फोन केला म्हणून कळलं. मी पोचले तेव्हा तुम्ही टेम्पोच्या मागच्या फाळक्याला पाठ लावून उभे होतात, हाताची घडी घालून.

तुमच्या घोडीला मारायला आलेली बाई ती हीच, असं एक जण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. तुम्ही त्याला म्हणालात, "ती काय म्हनते ता मला बी पटत नाय. पन पळालेला घोडा दुसऱ्याच्या दारात जाऊन खोकतो. तितं आपलंच भाऊबंद हायत." टेम्पो रिकामा गेला. तात्या, त्या दिवशी तुम्ही तिथे नसता, तर मी कायदा सांगून, ओरडून, पोलीस बोलावूनही ते घोडे थांबवू शकले नसते. पुळ्यापासून पुढे सगळ्या किनाऱ्यावर तो खोकला पोचला असता.

मग मी माझं म्हणणं सांगितलं. बिजली आणि तुफान, दोघांनाही सुरूच्या बनाच्या पार त्या टोकाला बांधायचं. त्यांची बादली वेगळी, चारा वेगळा, खरारा वेगळा. कुणी तिकडे फिरकायचं नाही. करोना होऊन फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे विलगीकरण हा शब्द सगळ्यांना पाठ होता. मला वाटलं, चटकन समजेल.

तुमचा चेहरा उतरला. "म्हंजे वाळीत टाकायचं," तुम्ही म्हणालात.

"वाळीत नाही तात्या, वेगळं."

"कोनी जवळ जायचं नाय. पानी वेगळं. भांडं वेगळं. ह्याला आमच्यात वाळीत म्हनतात गो."

आणि तुम्ही पाठ फिरवून चालू लागलात. टेम्पो अडवणारा माणूस एका शब्दाला असा ढेपाळला, याचा मला अर्थच लागेना. मी हट्टाने तुमच्या मागोमाग आले. हट्ट आपल्या दोघांकडेही भरपूर होता, एवढं एक साम्य.

तुमच्या घरापुढच्या खळ्यात बसून तुम्ही मला ते सांगितलंत. तुम्ही लहान असताना गावच्या शिमग्यात पालखी कुणाच्या दारी आधी जायची यावरून तंटा झाला, आणि तुमच्या वडिलांनी मान तुकवली नाही म्हणून गावाने घराला वाळीत टाकलं. विहिरीवर तुमची घागर चालेना. पेटतं लाकूड कुणी देईना. तुमची आई लांबच्या वहाळावरून पाणी आणायची आणि वाटेत भेटलेल्या बायका तोंड फिरवायच्या. "मार खाल्लेला मानूस इसरतो. कोन बोलला नाय ता इसरत नाय," तुम्ही म्हणालात. धाकटी बहीण तापाने फणफणली होती तेव्हा बघायलाही कोणी उंबरा ओलांडला नाही. ती वाचली. पण ती आजही त्या गावाचं नाव घेत नाही, असं तुम्ही सांगितलंत. काल बाराव्याला ती पंगतीला होती. तिच्या पानात मी जरा जास्तच वाढलं.

शेवटी तुमचे वडील सगळ्यांना घेऊन रत्नागिरीत आले. खाडीकाठच्या इब्राहिमशेटने त्यांना घोडागाडीवर ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी शेट आपल्या हातातला पाण्याचा तांब्या स्वतः अर्धा प्यायला, आणि उरलेला त्याने तुमच्या वडिलांपुढे धरला. "पी. आजपास्नं तू आमचा," म्हणाला. तुमचे वडील पाणी पिता पिता रडले. पुढे स्वतःचे घोडे झाले तेव्हा त्यांनी ते पाणी बादलीत घातलं. मग तुम्ही.

मी इतकी वर्षं ज्याला घोडेवाल्यांची खुळचट रीत समजत होते ती ही होती. पण तात्या, माझीही अडचण समजून घ्या. तुमच्या वडिलांच्या तांब्यात फक्त पाणी होतं. तुमच्या बादलीत पाण्याबरोबर तुफानचं नाकही होतं. मी हे तसंच्या तसं तुम्हाला बोलून दाखवलं. तुमच्या सूनबाईने कोकम सरबत आणून ठेवलं, ते कुणी उचललं नाही.

जरा वेळाने मी, विषय बदलावा म्हणून, उरलेल्या सूचना सांगायला लागले. "आणि हे बघा, त्या दोघांचं दाणापाणी करायला एकच माणूस ठेवा. तो आजाऱ्याचा माणूस. त्याने दुसऱ्या घोड्याला हात लावायचा नाही. निरोग्यांकडे जायचंच झालं तर आधी आंघोळ, कपडे बदलायचे."

तुम्ही मान वर केलीत. "थांब, थांब. म्हंजे त्यांच्याजवळ कोनतरी ऱ्हायचं हाय?"

"राहायलाच पाहिजे. खाणंपिणं कोण बघणार, ताप कोण मोजणार?"

"मानूस ऱ्हायला तर चालंल?"

"चालेल काय, हवाच!"

"मग ता आदी सांगायचं गो!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की आतून सूनबाई धावत आली. "कोनी जायचं नाय, कोनी जायचं नाय, काय लावलंयस मगाधरनं! वाळीत टाकलेल्याला सवताचा मानूस नसतो. मानूस हाय तर ती वाळीत कशी?"

त्याच संध्याकाळी तुम्ही वळकटी घेऊन बनाच्या त्या टोकाला गेलात. वर ताडपत्री, खाली सुरूच्या काड्यांचा थर. बिजली आणि तुफान बांधलेले, आणि समोर बादली उपडी घालून तिच्यावर तुम्ही. जेवण विनू आणून एका माडाच्या बुंध्याशी ठेवायचा आणि लांबूनच हाक मारायचा. पुढे आणखी दोन घोड्यांना ताप आला, तेही तुमच्याकडे आले. "माझं बिऱ्हाड वाढताहा," तुम्ही मला फोनवर म्हणालात. मी थर्मामीटर दिला होता. तो कुठे घालायचा हे ऐकून आधी तुम्ही लाजलात आणि नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला लांबून त्याच्यावर व्याख्यान देऊ लागलात.

नमुन्यांचा निकाल आला. ती दुसरी भीती नव्हती. फ्लूच होता. मी लांबूनच ओरडून सांगितलं आणि तुम्ही बिजलीच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिलात. तुमचे खांदे हलत होते. मी पाठ करून समुद्राकडे बघत बसले. मला तेव्हा धावत येऊन तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण मधे माझाच नियम होता.

ताप उतरला, खोकला कमी झाला, घोडे खाऊ लागले, आणि आपलं नवं भांडण सुरू झालं. समोर सुट्ट्यांचा हंगाम. पुळणीवर गर्दी. तुमचं म्हणणं, घोडा बसला की बिघडतो. माझं म्हणणं, इतक्यात पळवलात तर कायमचा बसेल. तुम्हाला पटावं म्हणून मी सांगितलं की घोड्याच्या श्वासनळीला आतून बारीक केसांची केरसुणी असते. ती सगळी धूळ, घाण लोटून बाहेर काढते. हा विषाणू ती केरसुणीच उपटून टाकतो. ताप गेला तरी ती परत उगवायला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर घोडा पळाला तर घाण फुफ्फुसात उतरते आणि मग जंतू तिथे संसार मांडतात. घोडा मरतो तो बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या पाहुण्यांमुळे.

ही केरसुणी मात्र तुम्हाला बेहद्द आवडली. कोल्हापूर, पुण्याकडचे पर्यटक घोडा दाखवून विचारायचे, "काका, फेरीचं काय?" आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "आज फेरी नाय. घोडीची केरसुनी उगवते हाय." लोक एकमेकांकडे बघायचे आणि लांब सरकायचे. विलगीकरणाचा इतका पक्का बंदोबस्त मलाही जमला नसता. संतोषने एकदा तुफानवर खोगीर चढवलं, तर तुम्ही लांबूनच त्याच्या सात पिढ्या उद्धरल्यात, आणि त्याने मुकाट्याने खोगीर उतरवलं. एकही घोडा गेला नाही, तात्या. म्हाताऱ्या बिजलीसकट एकही नाही. माझ्या नोकरीत अभिमानाने सांगावं असं फार काही घडलं नाही, पण हे मी सांगते. सांगताना 'आम्ही' म्हणते.

तरीही बादलीचं भांडण मिटलं नाहीच. सगळं निवळल्यावर तुम्ही विचारलंत, "आता बादली सुरू करू?" मी म्हटलं, एका बादलीतून दोन घोडे, हे आता कायमचं बंद. तुम्ही म्हणालात, नवा घोडा आधी वेगळा ठेवू, जवळ माणूस ठेवू, तू म्हणशील तितके दिवस ठेवू, मग तरी? मी म्हटलं, नाही. मी समजावलं की असले काही विषाणू भारी लबाड असतात. फ्लू येतो आणि जातो. पण दुसरा एक असतो, तो घोड्याच्या अंगात निजून राहतो. वर्षानुवर्षं काही करत नाही, आणि प्रवासाचा, गाभणपणाचा ताण आला की जागा होतो. घोडा वरून ठणठणीत दिसतो. मग कधीपर्यंत वेगळं ठेवणार?

तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "निजलेला तर सगळ्यांच्याच आंगात हाय काईतरी. मग कोन कोनाच्या हातचं पानी पिनार?"

डॉक्टर म्हणून उत्तर आहे, ते मी दिलंही. पण तुम्ही डॉक्टरला विचारलं नव्हतं. दर दिवाळीला तुम्ही फराळाच्या ताटाबरोबर तो प्रश्न पुढे करायचात आणि मी चकली उचलून म्हणायची, "बादली बंद." तुम्ही म्हणायचात, "सातारची मिरची." असं दर वर्षी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. बोलण्याच्या भरात कित्येकदा ओठांवर आली, पण तुम्ही शेफारून गेला असतात. त्या खोकल्यानंतर मी कुणालाही नुसतं 'आजारी जनावर वेगळं ठेवा' असं सांगितलेलं नाही. पूर्णगडची कुणाची शेळी असो, जयगडकडच्या कुणाचा बैल असो, मी आधी विचारते, "ह्याच्याजवळ कोण राहील?" तो माणूस ठरला की मग बाकीचं सांगते. लोक ऐकतात, तात्या. आधी ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, लोक अडाणी आहेत, चोरून जनावर पुन्हा गोठ्यात आणतात. ते अडाणी नव्हते. एकटं टाकायला त्यांचा जीव धजत नव्हता. हे मला तुम्ही 'गो' म्हणून ओरडलात तेव्हा कळलं. मी त्याबद्दल तुमची ऋणी आहे. हे वाक्य तुमच्या समोर बसून म्हणायला हवं होतं.

यंदा पाऊस उघडता उघडता तुम्ही आजारी पडलात. साधा फ्लू म्हणता म्हणता छातीत उतरला. दवाखान्यात तुम्हाला काचेच्या दाराच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. जवळ एकच माणूस, तोही झगा आणि मास्क घालून, बाकी कुणी आत यायचं नाही. तुमची बहीण दारात रडायला लागली तेव्हा तिथल्या सिस्टरची बाजू मीच घेतली. मीच सगळ्यांना समजावलं की नियम आहे, बरोबर आहे. बोलता बोलता काचेतून माझी नजर आत गेली आणि तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तोंडावर प्राणवायूचा मास्क. बोलता येत नव्हतं. पाणी वेगळं, भांडं वेगळं, जवळ कोणी यायचं नाही, आणि हे सांगणारी पुन्हा मीच.

तुम्ही हात जरासा उचलून हलवलात. 'जा' म्हणालात, की 'दिसलीस' म्हणालात, की 'टाकलंस ना शेवटी वाळीत' म्हणालात, मला कळलं नाही. मी रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायची. संतोष यायचा, बाकीचे घोडेवाले यायचे. पण तुम्हाला काचेतून बाक दिसत नव्हता. तुम्ही गेल्यापासून मी त्या एका हाताचा अर्थ लावत होते. घोड्याच्या कानावरून, नाकपुडीवरून त्याच्या मनातलं ओळखते म्हणून लोक मला नावाजतात. माणसाचा हात मला वाचता आला नाही.

काल बाराव्याला एक शहाणा मला विचारत होता, "मॅडम, तात्यांना घोड्यांचाच फ्लू लागला म्हणतात, खरं का?" मी पानावरून उठणारच होते. म्हटलं, घोड्यांचा घोड्यांत, माणसांचा माणसांत. आडनाव एक असलं तरी घरं वेगळी. बिजलीने तात्यांना काही दिलं नाही, आणि तुम्हाला जोडायचाच असेल संबंध, तर तात्यांच्या फुफ्फुसांत पन्नास वर्षांची विडी होती तिच्याशी जोडा. तो बिचारा खाली मान घालून खीर खायला लागला. तुमच्या बाराव्याच्या दिवशी मी तुमच्या विडीवर बोलले. रागावू नका. जिवंतपणीही बोलतच होते.

बिजली बरी आहे. पहिले दोन दिवस फाटकाकडे तोंड करून उभी होती, आता खाते. संतोष सांगत होता की तो नवी घोडी आणतोय, आणि जरा चाचरत म्हणाला, "तात्या नायत तर आता बादलीचं कसं करायचं?" मी त्याला काय सांगितलं ते ऐका आणि टाळ्या पिटू नका. घोडी आली की आधी बनाच्या टोकाला वेगळी राहील. जवळ विनू राहील, तो स्वतःहून म्हणाला. नाक, ताप, रक्त, सगळं मी बघेन. माझी खात्री पटली की तिला तुमच्या बादलीतून पाणी. बादली धुतलेली, पाणी ताजं, बिजलीने तोंड लावायचं नाही. एका बादलीतून दोघींनी पिणं नाही ते नाहीच. पण विनू तिच्या मानेवर थाप मारून जे म्हणायचं ते म्हणेल, आणि चहा मी पाजेन. बादली पडवीत आहे ती त्यासाठी.

एवढी माघार मी कशी घेतली? विनूमुळे. बादली हातात देताना तो जे बोलला त्यामुळे.

आत तुमच्याजवळ तोच होता ना. शेवटच्या दुपारी तुम्ही त्याला खुणेने जवळ बोलावलंत आणि मास्क जरा बाजूला केलात. तो म्हणाला, "डाक्टरीणबाय, मला वाटलं, काय घराबिराचं सांगनार. तर मला म्हनतात, विन्या, तू आता आजाऱ्याचा मानूस हायस. भायेर जाऊन कोनाला हात लावू नको. घरी पोराला घ्यायच्या आदी आंगोळ कर, कापडं बदल. नायतर डाक्टरीण वरडंल."

ओरडले असते, तात्या. चांगली ओरडले असते.